जॅक्सनचे दोन नकार

३ मार्च १८३२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जिया राज्याविरुद्ध निकाल दिला. चेरोकी या मूळनिवासी लोकांच्या प्रदेशात जॉर्जियाचे कायदे चालणार नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. तो निकाल अमलात यावा म्हणून राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने काडीइतकीही हालचाल केली नाही. त्याच वर्षी १० जुलैला काँग्रेसने मंजूर केलेले राष्ट्रीय बँकेचे विधेयक त्याने सही न करता परत पाठवले. बँक घटनेला धरून आहे असे याच न्यायालयाने तेरा वर्षांपूर्वी ठरवले होते. त्या निकालाने माझे मत बांधले जात नाही, असे जॅक्सनने सोबतच्या संदेशात बजावले.

या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच मथळ्याखाली सांगितल्या जातात: न्यायालयाला न जुमानणारा राष्ट्राध्यक्ष. जॅक्सनच्या चाहत्यांना तो लोकांच्या बाजूने उभा राहिलेला निधड्या छातीचा माणूस वाटतो, तर टीकाकारांना घटना पायदळी तुडवणारा हुकूमशहा. मला दोन्ही बाजूंची चूक एकच दिसते. त्या दोन नकारांची जातच वेगळी होती. बँकेबाबतचा त्याच्या अधिकारातला होता आणि चेरोकींबाबतचा कर्तव्याला पाठ दाखवणारा. हा भेद नीट केला नाही, तर पहिल्याच्या आडून दुसरा खपून जातो. आजही सत्तेवरची माणसे न्यायालयाशी भांडताना जॅक्सनचे नाव घेतात, म्हणून हे प्रकरण पुन्हा उघडून पाहिले पाहिजे.

पहिली राष्ट्रीय बँक १७९१ मध्ये निघाली. कल्पना अलेक्झांडर हॅमिल्टनची. काँग्रेसला बँक काढता येईल असे घटनेत कुठेच लिहिलेले नाही, असे सांगत जेफर्सन आणि मॅडिसन यांनी तिला विरोध केला. वॉशिंग्टनने दोन्हीकडची मते मागवली आणि अखेर सही केली. वीस वर्षांची सनद १८११ मध्ये संपली, तेव्हा ती वाढवून मिळाली नाही. पुढच्याच वर्षी इंग्लंडशी युद्ध जुंपले. सरकारला कर्ज उभारणे जड जाऊ लागले आणि राज्यांतल्या अनेक बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणे देणे थांबवले. हा चटका बसल्यावर, १७९१ मध्ये बँकेला घटनाबाह्य म्हणणाऱ्या मॅडिसननेच राष्ट्राध्यक्ष म्हणून १८१६ मध्ये दुसऱ्या बँकेच्या सनदेवर सही केली.

या दुसऱ्या बँकेचे भागभांडवल साडेतीन कोटी डॉलर होते. त्यातला पाचवा हिस्सा सरकारचा, बाकी खासगी भागधारकांचा. पंचवीस संचालकांपैकी पाच राष्ट्राध्यक्षाने नेमायचे. मुख्य कचेरी फिलाडेल्फियाला. सरकारचा सगळा महसूल तिथे जमा व्हायचा आणि त्यावर बँकेला व्याज द्यावे लागत नसे. करभरणीत तिच्या नोटा देशभर चालत. म्हणजे पैसा जनतेचा, पण त्यावरचा ताबा मुख्यतः अशा लोकांचा की ज्यांना जनतेने निवडले नव्हते आणि जनता काढूही शकत नव्हती. जॅक्सनच्या विरोधाचे मूळ इथे आहे, आणि ते पोकळ नव्हते.

काही राज्यांना ही बँक सुरुवातीपासून खुपत होती. मेरीलँडने तिच्या बाल्टिमोर शाखेवर कर बसवला. शाखेचा कॅशियर जेम्स मॅककलक याने तो भरला नाही. खटला वर गेला आणि ६ मार्च १८१९ रोजी सरन्यायाधीश जॉन मार्शलने एकमताचा निकाल वाचून दाखवला. घटनेने दिलेले अधिकार पार पाडण्यासाठी योग्य ती साधने निवडण्याची मोकळीक काँग्रेसला आहे, बँक हे तसे एक साधन आहे, आणि कर लावण्याच्या अधिकारात नष्ट करण्याचा अधिकार दडलेला असल्यामुळे राज्याला केंद्राच्या संस्थेवर कर लावता येणार नाही. अमेरिकेच्या संघराज्याचा पाया ज्या मोजक्या निकालांवर उभा आहे, त्यांतला हा एक.

त्या निकालामागची शाखा मात्र आतून पोखरलेली होती. मॅककलक आणि त्याचे साथीदार बँकेचा पैसा पुरेशा तारणाशिवाय स्वतःलाच कर्जाऊ देत होते. त्याच वर्षी ते उघडकीला आले. बाल्टिमोर शाखेचे नुकसान पंधरा लाख डॉलरच्या वर गेले. त्याच सुमारास देशात मंदी आली. आधी सढळ हाताने कर्जे देणाऱ्या बँकेने अचानक हात आखडला आणि वसुली सुरू केली. पश्चिमेकडच्या राज्यांत शेते आणि घरे बँकेच्या नावावर गेली. टेनेसीत राहणाऱ्या जॅक्सनने हे जवळून पाहिले. तरुणपणी त्याने स्वतः जमीन विकून डेव्हिड ॲलिसन नावाच्या व्यापाऱ्याच्या हुंड्या घेतल्या होत्या. ॲलिसनचे दिवाळे निघाले आणि त्या हुंड्यांचे देणे जॅक्सनच्या बोकांडी बसले. कागदी पैशाबद्दलचा त्याचा राग पुस्तकातून आलेला नव्हता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण जॅक्सनचे चाहते ती सांगत नाहीत. १८२३ मध्ये बँकेची सूत्रे निकोलस बिडलच्या हाती आली आणि त्याने घडी नीट बसवली. राज्यांतल्या बँकांच्या नोटा राष्ट्रीय बँकेकडे जमा होत. ती त्या नोटा वेळोवेळी त्या त्या बँकेपुढे ठेवून नाणे मागत असे. त्यामुळे ऐपतीबाहेर नोटा छापणाऱ्या बँकांना आपोआप लगाम बसे. पुढे मध्यवर्ती बँका जे काम कायद्याने करू लागल्या, ते बिडल व्यवहारातून करत होता. पण सिनेटच्या समितीने विचारले तेव्हा त्याने सांगितले की, आमच्या बँकेने मनात आणले असते तर नष्ट करता आली नसती अशी बँक क्वचितच सापडेल, पण आम्ही कोणाला धक्का लावलेला नाही. त्याने हे आपल्या संयमाचा दाखला म्हणून सांगितले. ऐकणाऱ्याला मात्र त्यात धोका दिसला असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. एवढी ताकद एका माणसाच्या सज्जनपणाच्या भरवशावर सोडावी का, हा प्रश्न जॅक्सनने विचारला आणि तो बरोबर विचारला.

सनद १८३६ पर्यंत होती. पण १८३२ हे निवडणुकीचे वर्ष. जॅक्सनला कात्रीत पकडता येईल या हिशेबाने त्याचा निवडणुकीतला प्रतिस्पर्धी हेन्री क्ले याने बिडलला चार वर्षे आधीच अर्ज करायला लावला. विधेयक सिनेटमध्ये २८ विरुद्ध २० आणि प्रतिनिधिगृहात १०७ विरुद्ध ८५ मतांनी मंजूर झाले. बाजू मांडणाऱ्यांत डॅनियल वेबस्टर आघाडीवर होता. तो सिनेटर होता आणि बँकेचा पगारी वकीलही होता. पुढच्याच वर्षी बँकेवर गदा आली असताना, माझे वकिलीचे मानधन नेहमीप्रमाणे चालू राहिलेले नाही, याची आठवण त्याने बिडलला पत्राने करून दिली. धनवान लोक सरकारी कायदे आपल्या फायद्यासाठी वाकवतात हे जॅक्सनचे वाक्य नुसती भाषणबाजी नव्हती, याला हे एक पत्र पुरे आहे.

आता नकाराच्या संदेशाकडे येऊ. त्याचा मसुदा एमोस केंडल आणि रॉजर टॉनी या जॅक्सनच्या सहकाऱ्यांच्या हातचा होता, पण म्हणणे जॅक्सनचे. घटनेची शपथ घेणारा प्रत्येक जण ती आपल्या समजुतीप्रमाणे पाळण्याची शपथ घेतो, दुसऱ्याच्या समजुतीप्रमाणे नाही, हे त्यातले सर्वांत गाजलेले विधान. एवढेच वाचले तर अराजकाची हाक वाटावी. पण पुढे जाऊन जॅक्सन मर्यादा घालतो: काँग्रेस आणि राष्ट्राध्यक्ष कायदा करण्याच्या कामात असताना न्यायालयाचे मत त्यांना बांधून ठेवू शकत नाही. त्यापुढचा युक्तिवाद मला सर्वांत पक्का वाटतो. मार्शलनेच म्हटले होते की, एखादे साधन कितपत आवश्यक आहे हे ठरवणे कायदेमंडळाचे काम, न्यायालयाचे नाही. मग विधेयक सहीसाठी माझ्यापुढे येते तेव्हा मीही कायदा करण्याच्या कामाचाच भाग असतो, तेव्हा ही आवश्यकता मी माझ्या बुद्धीने तपासणार.

याला तोड नाही. काँग्रेसला बँक काढता येते, एवढेच न्यायालयाने म्हटले होते. काढलीच पाहिजे असे ते म्हणाले नव्हते आणि म्हणूही शकत नव्हते. सही नाकारून जॅक्सनने कोणाचा हक्क हिरावला नाही, कोणता निकाल मोडला नाही. सनद संपेपर्यंत बँकेचे सगळे कायदेशीर अधिकार शाबूत होते. काँग्रेसला दोन तृतीयांश मतांनी हा नकार उलटवता आला असता. सिनेटमध्ये प्रयत्न झाला, २२ विरुद्ध १९ मते पडली आणि तो फसला. नोव्हेंबरमध्ये मतदारांपुढेही हाच प्रश्न होता. जॅक्सनला २१९ निर्वाचक मते मिळाली, क्लेला ४९. यापेक्षा मोकळ्या मैदानात घटनेचा वाद लढला जाऊ शकत नाही.

पण याच वर्षीच्या वसंतात हा माणूस काय करत होता?

जॉर्जियाने चेरोकी प्रदेशावर आपले कायदे लादले होते. १८२९ मध्ये तिथे सोने सापडल्यावर तर धरबंदच उरला नाही. चेरोकींच्या बाजूने उभे राहणारे गोरे लोक तिथे नकोत म्हणून राज्याने फर्मान काढले: त्या प्रदेशात राहायचे असेल तर परवाना काढा आणि जॉर्जियाशी निष्ठेची शपथ घ्या. सॅम्युअल वॉर्सेस्टर हा मिशनरी न्यू एकोटा गावी राहत होता. सिक्वोया याने घडवलेल्या चेरोकी लिपीत ‘चेरोकी फिनिक्स’ हे वृत्तपत्र तिथून निघत असे आणि त्या कामात त्याचा हात होता. त्याने शपथ घेतली नाही. त्याला आणि एलायझर बटलर या दुसऱ्या मिशनऱ्याला चार वर्षांची सक्तमजुरी झाली. त्यांच्याबरोबर दोषी ठरलेल्या इतरांनी माफी पत्करली, पण हे दोघे तुरुंगात राहिले, कारण त्यांना खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यायचा होता. जॉर्जियाने तिथे आपला वकीलही पाठवला नाही. मार्शलने निकाल दिला की चेरोकी हा स्वतंत्र समाज आहे, त्याच्याशी केंद्राचे तह आहेत, जॉर्जियाचा कायदा तिथे लागू नाही आणि म्हणून शिक्षा रद्द.

मार्शलने निकाल दिला आहे, आता त्यानेच तो अमलात आणावा, असे वाक्य या प्रसंगी जॅक्सनच्या तोंडी घातले जाते. ते त्याने उच्चारल्याचा समकालीन पुरावा नाही. पत्रकार होरेस ग्रीलीने ते १८६४ मध्ये, म्हणजे बत्तीस वर्षांनी छापले. पण त्यामुळे जॅक्सन निर्दोष ठरत नाही. एप्रिल १८३२ मध्ये आपला मित्र जॉन कॉफी याला लिहिलेल्या खऱ्या पत्रात, न्यायालयाचा निकाल मेलेलाच जन्माला आला, असे तो म्हणतो.

जॅक्सनचे वकील इथे तांत्रिक मुद्दा काढतात आणि तो खरा आहे. निकाल देऊन न्यायालयाचे सत्र संपले. जॉर्जियाने तो मानला नाही अशी रीतसर नोंद होऊन पुढचा हुकूम निघायला १८३३ चे सत्र उजाडावे लागणार होते. तोवर राष्ट्राध्यक्षाच्या हाती अमलात आणण्यासारखा हुकूम नव्हता. मान्य. पण राष्ट्राध्यक्षाचे कर्तव्य हुकमाची प्रत हाती पडल्यावर सुरू होते का? चेरोकींशी झालेले तह हा देशाचा कायदा होता. कायदे निष्ठेने राबवले जातील हे पाहण्याची जबाबदारी घटनेने राष्ट्राध्यक्षावर टाकली आहे. आमच्या निकालांची अंमलबजावणी राष्ट्राध्यक्षाच्या इच्छेवर अवलंबून राहील, असे मार्शलने कुठे लिहिले नव्हते. उलट जॉर्जियाच्या कायद्यांपासून तुमचे रक्षण मी करू शकणार नाही, असे जॅक्सन चेरोकींना निकालाच्या आधीपासून सांगत होता. त्याने हात बांधून घेतले होते ते स्वतःच.

हे हात किती लांब होते ते त्याच वर्षाअखेर दिसले. नोव्हेंबरमध्ये दक्षिण कॅरोलायनाने केंद्राचा जकातीचा कायदा आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवला. १० डिसेंबरला जॅक्सनने जाहीरनामा काढून ठणकावले की, संघराज्यात राहून कोणत्याही राज्याला केंद्राचा कायदा मोडीत काढता येत नाही. त्याने काँग्रेसकडे लष्कर वापरण्याचा अधिकार मागितला आणि मार्च १८३३ मध्ये तो मिळवला. जकात वसूल करण्यासाठी सैन्य पाठवायची तयारी, आणि बेकायदा डांबलेल्या दोन माणसांसाठी साधे पत्रही नाही. त्याहून वाईट म्हणजे जॉर्जिया दक्षिण कॅरोलायनाच्या गोटात जाऊ नये म्हणून जॅक्सनच्या माणसांनी आतून हालचाली केल्या, मिशनऱ्यांना खटला सोडून द्यायला राजी केले आणि जानेवारी १८३३ मध्ये गव्हर्नर लम्पकिनने त्यांना सोडले. सुटका झाली ती राज्याच्या मेहेरबानीने. न्यायालयाचा निकाल कागदावर राहिला.

एक धागा मला या दोन्ही कथांमध्ये सतत दिसतो. मॅककलक खटल्यात बँकेच्या बाजूने उभा राहिलेला विल्यम वर्ट हाच चेरोकींचा वकील होता. त्याच्या जोडीला असलेला जॉन सार्जंट हा बँकेचाही वकील आणि १८३२ मध्ये क्लेच्या जोडीने उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार. वर्ट तर त्या निवडणुकीत तिसऱ्या पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठीच उभा होता. जॅक्सनच्या नजरेत बँक, न्यायालय आणि चेरोकींचा कैवार हे एकाच विरोधी आघाडीचे तीन मोहरे होते. राजकारणी म्हणून त्याला तसे वाटणे समजू शकते. पण निकाल कोणाच्या वकिलाने मिळवला यावर त्याची किंमत ठरवायला लागलो, की न्यायालयाची गरजच उरत नाही. आपल्या राज्यघटनेच्या १४४व्या कलमाने सर्व मुलकी आणि न्यायिक अधिकाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य करण्याचे बंधन स्पष्ट शब्दांत घातले आहे. अमेरिकेच्या घटनेत असे वाक्य नाही. तिथे हे राष्ट्राध्यक्षाच्या शपथेवर आणि कायदे राबवण्याच्या त्याच्या कर्तव्यावर सोडलेले आहे, आणि म्हणूनच १८३२ मधले त्याचे मौन मला अधिक गंभीर वाटते.

बँकेच्या बाबतीतही जॅक्सन नकारावर थांबला नाही, आणि तिथून त्याची बाजू उतरणीला लागली. सनदेची सुमारे अडीच वर्षे उरलेली असताना त्याने सरकारी ठेवी काढून घ्यायचे ठरवले. कायद्याने हा अधिकार कोषमंत्र्याला दिलेला होता आणि कारणे काँग्रेसला कळवण्याची अट होती. ठेवी सुरक्षित आहेत, असे प्रतिनिधिगृहाने नुकतेच मोठ्या बहुमताने म्हटले होते. कोषमंत्री विल्यम डुएनने नकार दिला. सप्टेंबर १८३३ मध्ये जॅक्सनने त्याला काढले आणि नकाराच्या संदेशाचा मसुदा लिहिणारा टॉनी त्या खुर्चीवर बसवला. ठेवी राज्यांतल्या मर्जीतल्या बँकांकडे वळवल्या गेल्या. बिडलनेही कर्जे आवळून सूड उगवला आणि जॅक्सनने त्याच्यावर घेतलेला आक्षेप स्वतःच्या कृतीने खरा करून दाखवला. मार्च १८३४ मध्ये सिनेटने २६ विरुद्ध २० मतांनी राष्ट्राध्यक्षावर ठपका ठेवला. जॅक्सनच्या पक्षाने तो १८३७ मध्ये नोंदीतून खोडून काढला.

बेजबाबदार सत्ता म्हणून बँक मोडायची, हे ठीक. पण तिच्या जागी काय आले? लगाम काढल्यावर राज्यांतल्या बँका भरमसाट वाढल्या, त्यांच्या नोटांचा पूर आला आणि सरकारी जमिनींची सट्टेबाजी बोकाळली. मग जुलै १८३६ मध्ये, सरकारी जमिनीची किंमत सोन्याचांदीतच घेतली जाईल, असा हुकूम जॅक्सनने काढला. मे १८३७ मध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी नाणे देणे बंद केले आणि मोठी मंदी आली. त्या मंदीला इंग्लंडमधली पैशाची टंचाईही कारण होती, सगळे खापर एकट्या जॅक्सनवर फोडता येणार नाही. पण आगीच्या वेळी पाण्याची सोय काढून टाकलेली होती, हे खरे. त्यानंतर अमेरिकेला मध्यवर्ती बँक मिळायला १९१३ साल उजाडले. ज्या शेतकऱ्या-मजुरांच्या नावाने ही लढाई लढली गेली, त्यांनीच मधल्या प्रत्येक मंदीत सर्वांत जास्त सोसले.

तरीही त्या संदेशातले तत्त्व वाया गेले नाही, आणि ते कसे उपयोगी पडले हे पाहण्यासारखे आहे. टॉनी १८३६ मध्ये मार्शलच्या जागी सरन्यायाधीश झाला. १८५७ मध्ये त्यानेच ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात, कृष्णवर्णीयांना अमेरिकेचे नागरिक होता येत नाही आणि नव्या प्रदेशांत काँग्रेसला गुलामगिरी रोखता येत नाही, असा निकाल दिला. न्यायालय बोलले, आता सर्वांनी गप्प बसावे, असा सूर निघाला. तेव्हा स्प्रिंगफील्डच्या भाषणात अब्राहम लिंकनने जॅक्सनचा बँकेवरचा संदेश वाचून दाखवला. ज्या टॉनीने त्या संदेशाला हात लावला होता, त्याच्याच निकालाविरुद्ध तो वापरला गेला. लिंकनची मांडणी मात्र जॅक्सनपेक्षा नेमकी होती. ड्रेड स्कॉट या माणसापुरता निकाल आम्ही बळाने उलटवणार नाही, त्याला विरोध करणार नाही. पण तो देशाचा कायमचा राजकीय नियम म्हणून आम्ही मानणार नाही, न्यायालयाने तो बदलावा म्हणून झटू. ज्या पक्षकारांमध्ये वाद झाला त्यांच्यापुरता निकाल बांधील, आणि त्यामागच्या तत्त्वाशी भांडायला सर्व मोकळे.

लिंकनची ही रेघ १८३२ ला लावून पाहा. बँकेच्या बाबतीत जॅक्सन रेघेच्या आत राहतो, निदान ठेवी काढेपर्यंत. वॉर्सेस्टरच्या बाबतीत तो बाहेर पडतो, कारण तिथे एक ठरावीक माणूस, एक ठरावीक शिक्षा आणि एक ठरावीक निकाल होता. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळावा म्हणून आयझेनहॉवरने सैन्य पाठवले. शाळांमधला वर्णभेद संपवण्याच्या निकालाबद्दल तो जाहीरपणे कधी उत्साहाने बोलला नव्हता. पण निकाल त्या मुलांचा होता, म्हणून त्याने आपले मत बाजूला ठेवले. जॅक्सनकडून एवढीच अपेक्षा होती.

ती पुरी झाली नाही याची किंमत दोन मिशनऱ्यांनी फारशी मोजली नाही. मोजली चेरोकींनी. डिसेंबर १८३५ मध्ये त्यांच्यातल्या एका छोट्या गटाने न्यू एकोटाला तहावर सह्या केल्या. मुख्य प्रमुख जॉन रॉस आणि बहुसंख्य चेरोकी त्या तहाच्या विरोधात होते. दोन तृतीयांश बहुमताची अट जेमतेम एका मताने पुरी होऊन सिनेटने तो मान्य केला. १८३८ मध्ये सैनिकांनी घराघरांतून माणसे काढून छावण्यांत कोंडली आणि सुमारे १६ हजार लोकांना मिसिसिपीपलीकडे नेले. त्यात चार हजारांच्या आसपास माणसे मेली असा अंदाज आहे.

वॉर्सेस्टर आणि बटलर यांनी गुन्हा केलेलाच नाही, असे न्यायालयाने १८३२ मध्ये सांगितले होते. जॉर्जिया राज्याच्या माफी मंडळाने त्या दोघांना १९९२ मध्ये संपूर्ण माफी दिली.